खून कुणी केला, हे आधीच सांगतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रहस्यकथा सांगताना खुनी कोण हे आधी फोडायचं नाही, हा सभ्यपणाचा नियम. बाबूराव अर्नाळकर वाचत वाढलेल्या घरांत शेवटचं पान आधी वाचून ते मोठ्यानं सांगणारा एखादा भाऊ असायचाच, आणि त्याला पुढे कित्येक दिवस माफी नसायची. आज मी तोच गुन्हा करणार आहे. पण दोष माझा नाही. ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे, त्यात खुनी स्वतःच पहिल्या काही मिनिटांत सगळं सांगून टाकतो.

चित्रपटाचं नाव 'डबल इंडेम्निटी'. साल १९४४. दिग्दर्शक बिली वाइल्डर. रात्रीच्या लॉस एंजेलिसमध्ये एक मोटार सिग्नल न जुमानता सुसाट येते आणि एका विमा कंपनीच्या इमारतीपाशी थांबते. एक माणूस अवघडत उतरतो, लिफ्टनं वर जातो, एका खोलीत शिरून दिवा लावतो आणि टेबलावरचा डिक्टाफोन जवळ ओढतो. हे यंत्र म्हणजे आपल्या टेपरेकॉर्डरचा आजोबा. मेणाच्या नळकांडीवर आवाज उमटायचा आणि सकाळी टायपिस्ट तो ऐकून पत्रं टाइप करायची. माणूस त्यात बोलू लागतो. खून आपणच केला, पैशासाठी आणि एका बाईसाठी केला, आणि दोन्हींतलं काहीच पदरात पडलं नाही, असं सांगतो. बोलता बोलता त्याच्या कोटावर खांद्यापाशी एक काळा डाग पसरत असतो.

बंद खोली, समोर कुणी नाही, आणि एका यंत्राशी बोलत बसलेला माणूस. या स्टुडिओत आल्यावर मला तो हमखास आठवतो. त्याच्याविषयी माझ्या मनात एक शंकाही आहे. तिच्याकडे वळायच्या आधी गोष्ट सांगायला हवी.

बोलणारा आहे वॉल्टर नेफ, विमा एजंट. हसतमुख, अविवाहित, जिभेवर साखर. एका दुपारी तो डीट्रिक्सन नावाच्या श्रीमंत गिऱ्हाइकाच्या बंगल्यावर मोटारीच्या विम्याचं नूतनीकरण करायला जातो. साहेब घरी नसतात. जिन्याच्या वर अंगाला टॉवेल गुंडाळलेली त्यांची दुसरी बायको फिलिस उभी असते. ती कपडे करून खाली येते तेव्हा कॅमेरा आधी तिच्या पायांवर जातो. एका घोट्यात सोन्याची बारीक साखळी असते. पैंजण म्हणावं तर नाद नाही. नेफची नजर त्या साखळीवरून पुढे चित्रपटभर निघत नाही.

थोड्या गप्पा होतात आणि ती सहज विचारते, नवऱ्याचा अपघाती विमा काढता येईल का, त्याला न सांगता? नेफ अकरा वर्षं या धंद्यात आहे. तिच्या मनात काय चाललं आहे हे त्याला तत्काळ कळतं आणि तो उठून चालता होतो. रात्री ती त्याच्या फ्लॅटवर येते. आणि तो होकार देतो.

आता शीर्षकाविषयी. इंडेम्निटी म्हणजे नुकसानभरपाई, डबल म्हणजे दुप्पट. आपल्याकडेही थोडा जादा हप्ता भरून पॉलिसीला अपघात लाभ जोडता येतो. मृत्यू अपघाती असेल तर वारसाला मूळ रकमेइतकीच आणखी रक्कम मिळते. या गोष्टीतल्या पॉलिसीत अशी दुप्पट भरपाई काही ठरावीक अपघातांना आहे आणि रेल्वेगाडीवरचा मृत्यू त्यांपैकी एक. असं कलम कंपनी का घालते? गाडीवर माणूस जवळपास कधी मरतच नाही म्हणून. गिऱ्हाइकाला कलम आकर्षक वाटतं आणि कंपनीच्या खिशातून फारसं काही जात नाही. नेफला हे आतून ठाऊक आहे. म्हणून फिलिसला नवरा कसाही मेला तरी चालणार असतं, पण नेफ अडून बसतो की तो गाडीवरच मेला पाहिजे. पन्नास हजार डॉलर नव्हे, एक लाख.

डीट्रिक्सनची सही कशी घेतात, तेही पाहण्यासारखं आहे. नेफ मोटारीच्या विम्याचा अर्ज पुढे करतो, सही घेतो, आणि दुसऱ्या प्रतीवरही एक करा म्हणतो. दुसरी प्रत असते अपघाती विम्याची. एजंटनं बोट ठेवलं तिथे सही करणारे आपण सगळेच या दृश्यात जरा चुळबुळतो.

पुढे डीट्रिक्सनचा पाय मोडतो आणि तो कुबड्या घेऊनच कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या मेळाव्याला गाडीनं निघतो. फिलिस त्याला मोटारीनं स्टेशनवर सोडायला जाते. मागच्या सीटखाली नेफ दडलेला. अंधाऱ्या रस्त्यावर फिलिस तीनदा हॉर्न वाजवते. ती खूण. खून होतो, पण तो आपल्याला दिसत नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर खिळून राहतो. शेजारी नवरा मरतो आहे आणि ती समोरच्या रस्त्याकडे पाहते आहे. बार्बरा स्टॅनविकनं या काही सेकंदांत डोळ्यांनी जे केलं आहे ते शब्दांत धरता येत नाही. त्या काळी हॉलिवूडवर एका आचारसंहितेचा पहारा होता, हिंसा उघड दाखवायला बंदी होती. बंदीनं इथे चित्रपटाचं भलंच केलं, असं मला वाटतं.

मग नेफ त्याच कुबड्या घेऊन डीट्रिक्सन म्हणून गाडीत चढतो, शेवटच्या डब्याच्या उघड्या सज्जावर जातो, तिथल्या एका प्रवाशाला सिगार आणायला पाठवतो आणि हळू चाललेल्या गाडीतून उडी मारतो. रुळांवर प्रेत ठेवून दोघं मोटारीत येऊन बसतात, आणि मोटार सुरूच होत नाही. फिलिस चावी फिरवते, इंजिन कण्हतं आणि गप्प होतं. पुन्हा तेच. त्या क्षणी थिएटरातली सज्जन माणसंसुद्धा मनातल्या मनात मोटारीला धक्का मारत असतात. हा प्रसंग संहितेत नव्हता. वाइल्डरची स्वतःची मोटार एकदा अशीच अडली आणि त्याला तो सुचला, असं सांगतात. खुनी कोण हे माहीत असलेल्या रहस्यपटात उत्कंठा कुठून येते, याचं उत्तर मला या दृश्यात सापडलं. आपण नकळत गुन्हेगाराच्या बाजूचे झालेलो असतो.

आणि असं होण्याचं कारण सांगणाऱ्याचा आवाज. पण त्याआधी या गोष्टीतल्या तिसऱ्या माणसाला भेटू या, कारण माझ्या मते तोच चित्रपटाचा प्राण आहे.

बार्टन कीज. दाव्यांची छाननी करणारा अधिकारी. बुटका, चिडखोर, जॅकेटच्या खिशात सिगार, आणि काडेपेटी कधीच जवळ नाही. दर वेळी नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याचा सिगार पेटवून देतो. कीज म्हणतो, माझ्या पोटात एक छोटा माणूस राहतो. खोटा दावा आला की तो मला जेवू देत नाही. एडवर्ड जी. रॉबिन्सननं हा माणूस असा उभा केला आहे की आपल्या ओळखीच्या एखाद्या जुन्या, खडूस, इमानदार हेडक्लार्कची आठवण यावी.

कंपनीचा मालक पैसे वाचवण्यासाठी डीट्रिक्सननं आत्महत्या केली असं म्हणतो, तेव्हा कीज त्याला आत्महत्येची आकडेवारी ऐकवतो. वंशानुसार, व्यवसायानुसार, ऋतूनुसार. विषानं, तर कोणत्या विषानं. उडी मारून, तर कुठून. या सगळ्या तक्त्यांत ताशी पंधरा मैलांनी चाललेल्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून कुणी जीव दिल्याची नोंद नाही. रुक्ष आकड्यांचं भाषण, पण रॉबिन्सन ते पोवाड्यासारखं म्हणतो.

मग एका रात्री छोटा माणूस जागा होतो. डीट्रिक्सनकडे अपघाती विमा होता, त्याचा पाय मोडला, तरी त्यानं दावा का केला नाही? कदाचित आपला विमा आहे हे त्याला माहीतच नसावं. कीज सत्याच्या दारात येऊन उभा राहतो. आणि स्वतःच मागे फिरतो. कारण पॉलिसी विकली होती नेफनं, आणि नेफवर त्याचा मुलासारखा विश्वास आहे. नेफ ज्या फ्लॅटमध्ये हे ऐकत असतो, त्याच फ्लॅटच्या दाराआड थोड्याच वेळात फिलिस लपून उभी राहते. (फ्लॅटचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं असं आपण कधी पाहिलं आहे का? वाइल्डरनं ते तसं बसवलं, फक्त तिला लपता यावं म्हणून. पाहताना कुणाच्या लक्षात येत नाही.)

जरा कारागिरीविषयी. मूळ दीर्घकथा जेम्स एम. केनची, १९३६ साली मासिकातून क्रमशः आलेली. पटकथा वाइल्डरनं रेमंड चँडलर या रहस्यकथाकाराबरोबर लिहिली. दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नसे. चँडलरचं एक म्हणणं मात्र आम्हा रेडिओवर बोलणाऱ्यांनी भिंतीवर लावून ठेवावं असं आहे. केनचे संवाद डोळ्यांसाठी लिहिलेले आहेत, कानांसाठी नाहीत, असं तो म्हणाला. नटांकडून वाचून घेतले तेव्हा ते खरं निघालं आणि संवाद नव्यानं लिहिले गेले.

छायालेखक जॉन सायट्झ. बंगल्यातल्या कोंदट दिवाणखान्यात खिडकीच्या झडपांतून ऊन येतं आणि भिंतींवर, माणसांच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पडतात. तुरुंगाचे गज जणू आधीच अंगावर आले. त्या उन्हात धूळ तरंगताना दिसावी म्हणून सायट्झनं हवेत ॲल्युमिनियमचा बारीक चुरा उडवला होता. महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सला अमेरिकी चित्रपट पाहायला मिळत नव्हते. १९४६ मध्ये ते एकदम येऊन थडकले, तेव्हा नीनो फ्रँक या समीक्षकानं 'डबल इंडेम्निटी' आणि त्याच्या जातीच्या काही चित्रपटांना 'फिल्म न्वार' म्हटलं. न्वार म्हणजे काळा. गंमत म्हणजे हा चित्रपट करताना आपण न्वार करतो आहोत हे वाइल्डरला ठाऊक असायचं कारण नव्हतं, तो शब्दच अजून रुळला नव्हता. पुढे या प्रकाराची जी लक्षणं सांगितली गेली त्यांत एक ठळक होतं: पुरुषाला जाळ्यात ओढून नाशाकडे नेणारी कारस्थानी बाई.

इथे मी माझ्या शंकेशी येतो.

पहिल्यांदा हा चित्रपट पाहिला तो फिल्म सोसायटीच्या एका खेळात. बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही सगळे एकच वाक्य बोलत होतो, काय बाई आहे! बिचाऱ्या भल्या माणसाला कसं बरबाद केलं! खूप वर्षांनी घरी, खाली इंग्रजी अक्षरं येणाऱ्या प्रतीवर, पुन्हा पाहिला. या वेळी मी फक्त एवढंच मोजत बसलो की कोणती गोष्ट कुणाला सुचली.

विमा काढावा ही कल्पना तिची. गाडीची कल्पना त्याची. सहीची युक्ती त्याची. कुबड्या, वेषांतर, त्या रात्री फ्लॅटवर असल्याचा पुरावा तयार करणं, सगळं त्याचं. नवऱ्याची मान त्याच्या हातांनी मोडते. आणि एक गोष्ट तर तो स्वतःच डिक्टाफोनला सांगतो, ओघात: फिलिस भेटण्याच्या कितीतरी आधीपासून तो कंपनीला फसवण्याचा विचार करत होता. जुगारघरात रूलेटचं चाक फिरवणाऱ्याला एक दिवस वाटावं की या चाकाची खोड मला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे, मीच डाव का लावू नये, तसं. त्याला फक्त बाहेरून डाव लावणारं कुणीतरी हवं होतं. त्या दुपारी ते जिन्यावर उभं होतं.

फिलिस निर्दोष आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. तिची सावत्र मुलगी लोला नेफला सांगते की आईच्या आजारपणात हीच नर्स होती, आणि न्यूमोनियाच्या रोग्याच्या खोलीच्या खिडक्या हिवाळ्यात सताड उघड्या सापडल्या होत्या. चित्रपटाला हे खरंच म्हणायचं आहे. पण फिलिसविषयी आपल्याला जे कळतं ते नेफच्या तोंडून. ती एकटी असताना काय करते, काय आठवते, हे जवळजवळ दिसतच नाही. स्टॅनविकच्या डोक्यावर भडक सोनेरी केसांचा टोप आहे. स्टुडिओतल्या एका वरिष्ठानं तो पाहून तिची तुलना जॉर्ज वॉशिंग्टनशी केली होती. वाइल्डर पुढे म्हणाला की तो नकली दिसावा हाच हेतू होता. असेलही. मला तो टोप नेफनंच तिला घातल्यासारखा वाटतो.

मी गझल लिहिणारा माणूस. उर्दूतून मराठीत आलेल्या या प्रकारात प्रेयसीला कातिल म्हणायची जुनी रीत आहे. नजर म्हणजे खंजीर, पापणी म्हणजे तीर. मीही ते खुशाल लिहिलं आहे आणि मुशायऱ्यात दाद घेतली आहे. शेकडो वर्षं चाललेल्या या खटल्यात आरोपीची साक्ष एकदाही झालेली नाही. फिर्यादी शायर, साक्षीदार शायर, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीतही तोच.

या गोष्टीच्या मुळाशी एक खरा खटला होता. न्यूयॉर्कमध्ये मार्च १९२७ मध्ये अल्बर्ट स्नायडर या गृहस्थाचा त्याच्या घरात खून झाला. बायको रूथ आणि तिचा मित्र जड ग्रे, जो बायकांच्या कॉर्सेटचा फिरता विक्रेता होता, दोघांवर आरोप ठेवला गेला. नवऱ्याच्या नावावर काढलेल्या विम्यात दुप्पट भरपाईचं कलम होतं. केन त्या काळी न्यूयॉर्कमध्ये पत्रकार होता. दोघंही दोषी ठरले, दोघांनी मिळून खून केला होता याबद्दल शंका नाही. पण वर्तमानपत्रांत रूथ झाली थंड रक्ताची नागीण आणि ग्रे झाला तिच्या नादी लागलेला दुबळा माणूस. १२ जानेवारी १९२८ च्या रात्री सिंग सिंग तुरुंगात दोघांना काही मिनिटांच्या अंतरानं एकाच विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला. एका दैनिकाच्या छायाचित्रकारानं पायाच्या घोट्याला छोटा कॅमेरा बांधून चोरून फोटो काढला आणि तो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर झळकला. फोटो एकच होता, रूथचा.

घोट्याला बांधलेला कॅमेरा आणि घोट्यातली साखळी यांचा संबंध केननं किंवा वाइल्डरनं जोडला असेल असं नाही. माझ्या डोक्यात मात्र तो बसला आहे.

ही गोष्ट पुढे फिरत राहिली. १९८१ साली लॉरेन्स कॅस्डननं 'बॉडी हीट'मध्ये एजंटच्या जागी वकील घातला. हॉलिवूडची आचारसंहिता १९६८ मध्येच संपली होती, त्यामुळे त्यातली बाई चक्क सुटून जाते. आणि 'बॉडी हीट'वरून २००३ साली आपल्याकडे 'जिस्म' आला. गोष्ट पाँडिचेरीच्या समुद्रकाठी उतरली, वकील जॉन अब्राहम, बाई बिपाशा बासू. चर्चा अर्थातच बाईची झाली.

'डबल इंडेम्निटी'ला ऑस्करची सात नामांकनं होती, मिळालं एकही नाही.

आता शेवट. खुनानंतर नेफ आणि फिलिस एका किराणा दुकानात चोरून भेटत असतात, लहान मुलांच्या खाऊच्या डब्यांच्या फळ्यांपाशी, काळा चष्मा लावून, एकमेकांकडे न पाहता. दोघांचाही एकमेकांवरचा विश्वास उडालेला. शेवटी एका रात्री तो तिच्या अंधाऱ्या दिवाणखान्यात येतो, तिला संपवायला. पहिली गोळी ती झाडते. ती त्याच्या खांद्यात. तो पुढे येतो आणि म्हणतो, दुसरी झाड. तिच्याकडून झाडवत नाही. ती म्हणते, मी तुझ्यावर कधीच प्रेम केलं नव्हतं, आताच्या या क्षणापर्यंत. नेफ सांगतो, मला हे पटत नाही. तिला जवळ घेतो आणि दोन गोळ्या घालतो. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी भीतीपेक्षा आश्चर्य जास्त आहे. ती खरं बोलत होती की नाही? पहिल्यांदा मला वाटलं होतं, शेवटचा डाव. आता खात्री नाही. पण दुसरी गोळी तिनं झाडली नाही, हे तर नेफलाही त्या यंत्राला सांगावंच लागलं.

पहाटेच्या सुमारास तो मान वळवतो तर दारात कीज उभा. सफाई कामगारानं रक्ताचे डाग पाहून त्याला बोलावलेलं असतं. किती वेळ ऐकत होता कोण जाणे. वाइल्डरनं यापुढे आणखी एक दृश्य चित्रित केलं होतं, नेफला विषारी वायूच्या कोठडीत मृत्युदंड देतात आणि कीज काचेपलीकडून पाहतो. ते त्यानं काढून टाकलं. नेफ पळायचा प्रयत्न करतो आणि बाहेरच्या दारापाशीच कोसळतो. तुला हे कोडं का सुटलं नाही ठाऊक आहे, तो विचारतो. कारण तू शोधत होतास तो माणूस टेबलाच्या पलीकडेच बसला होता. कीज म्हणतो, त्याहून जवळ.

नेफ तोंडात सिगारेट धरतो, पण काडी ओढायला हाताला बळ नाही. कीज त्याच्या हातातली काडी घेतो, अंगठ्याच्या नखावर ओढतो आणि त्याच्यासमोर धरतो.